मोटारसायकलच्या चाकांचे टायर न काढता रंगकाम

मोटारसायकलच्या चाकांचे टायर न काढता रंगकाम म्हणजे टायर रिमवर बसलेला असतानाच चाकाच्या धातूच्या भागावरील जुना, फिका पडलेला किंवा टवके उडालेला रंग घासून त्यावर नवा रंग देण्याची घरगुती पद्धत. या कामासाठी सामान्यतः हवाबंद डब्यातील फवारा-रंग, म्हणजेच स्प्रे पेंट, वापरला जातो. ही पद्धत प्रामुख्याने ओतीव ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या, बोलीभाषेत ‘अलॉय व्हील’ म्हटल्या जाणाऱ्या चाकांसाठी उपयोगी आहे. तारांच्या चाकांनाही ती लावता येते, मात्र तेथे कष्ट अधिक आणि फळ कमी.

वरकरणी हे काम केवळ शोभेचे वाटते. प्रत्यक्षात चाक हा वाहनाचा भार, खड्ड्यांचे धक्के आणि ब्रेकचा जोर सोसणारा भाग आहे. रंगकामात झालेली चूक कधी नुसती कुरूप दिसते, तर कधी ब्रेक निकामी करते किंवा रिमची तडा झाकून टाकते. त्यामुळे रंग देण्याच्या कौशल्याइतकेच कोठे रंग देऊ नये याचे ज्ञान येथे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

हे काम घराच्या अंगणात करता येणे तीन साध्या वस्तूंमुळे शक्य झाले आणि त्या तिन्ही अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आल्या. पाण्यात भिजवून वापरता येणारा घासकागद 1921 साली बाजारात आला. त्यामुळे रंग घासताना उडणारी धूळ बरीच कमी झाली. 1925 साली थ्री-एम कंपनीतील रिचर्ड ड्रू यांनी मास्किंग टेप तयार केली. त्या काळी मोटारींना दोन रंग देण्याची टूम होती आणि दोन रंगांमधील रेघ सरळ ठेवताना कारागीर मेटाकुटीस येत. साध्या चिकटपट्टीने खालचा ओला रंगच उपटून निघे. हे पाहून ड्रू यांनी हलकेच चिकटणारी व सहज निघणारी पट्टी शोधली. तिसरी वस्तू म्हणजे दाबाने फवारणारा रंगाचा डबा. तो इलिनॉय राज्यातील एडवर्ड सीमोर यांनी 1949 साली बनवला. मोटारीच्या कारखान्यासाठी जन्मलेली टेप आज घरोघरी भिंती रंगवताना वापरली जाते, हे तिच्या उपयुक्ततेचेच द्योतक म्हणावे लागेल.

भारतात दीर्घकाळ बहुतेक दुचाकींना तारांची, क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी चाके असत. त्यांना रंगाची गरज नसे. गंज चढला की रिम बदलत किंवा पुन्हा मुलामा करून घेत. 2000 नंतर अलॉय चाके सर्वसाधारण मोटारसायकलींवरही दिसू लागली. ही चाके कारखान्यातूनच रंगवून येतात आणि काही वर्षांत त्यांच्यावर टवके पडतात. चाकांच्या घरगुती रंगकामाची आवड त्यानंतर वाढली.

टायर न काढण्यामागील कारणे

टायरच्या आतील कडेत पोलादी तारांचे कडे असते आणि हवेच्या दाबाने ती कड रिमच्या खोबणीत घट्ट बसते. ती सोडवण्यासाठी यंत्र किंवा लोखंडी पहारींसारखे लिव्हर लागतात. अननुभवी हातांनी लिव्हर चालवल्यास अलॉय रिमच्या कडेला चरे पडतात, टायरची कड फाटते आणि नळी असल्यास तीही चिमटते. पुन्हा टायर चढवल्यावर चाकाचा तोल तपासावा लागतो. केवळ रंगासाठी हा खटाटोप करणे अनेकांना परवडत नाही.

याशिवाय एक तांत्रिक लाभही आहे, जो सहसा लक्षात घेतला जात नाही. ट्यूबलेस टायरमध्ये हवा अडून राहते ती टायरची कड आणि रिम यांच्या थेट संपर्कामुळे. त्या जागेवर रंगाचे जाड थर चढले आणि पुढे त्यांचे पोपडे निघाले, तर हवा हळूहळू गळू लागते. टायर जागेवर असेल तर ही नाजूक जागा आपोआप सुरक्षित राहते.

रंग का सुटतो

चाकावरील रंग सुटण्याची सुरुवात बहुधा एखाद्या बारीक टवक्यापासून होते. खडीचा दगड लागतो, पंक्चर काढताना लिव्हर घसरतो आणि धातू उघडा पडतो. ॲल्युमिनियम लोखंडासारखे तांबडे गंजत नाही. त्यावर ऑक्साइडचा पातळ थर लगेच तयार होतो व तोच पुढील झीज रोखतो. परंतु ओलावा आणि मीठ एकत्र आले की हे संरक्षण तोकडे पडते. टवक्यातून शिरलेले खारे पाणी रंगाखाली दोऱ्यासारख्या बारीक रेषांनी पसरत जाते आणि रंग फुगून वर येतो. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील दमट, खाऱ्या हवेत हा प्रकार देशावरील कोरड्या हवेपेक्षा लवकर घडतो.

ब्रेक ऑइल हेही रंगाचे मोठे शत्रू आहे. डॉट 3 व डॉट 4 प्रकारचे ब्रेक ऑइल ग्लायकॉल वर्गातील असते आणि ते रंग मऊ करून सोलून काढते. पुढच्या चाकावर एकाच बाजूचा रंग वारंवार सुटत असेल, तर रंगाला दोष देण्यापूर्वी कॅलिपर गळतो आहे का, हे पाहणे शहाणपणाचे.

चाकाची तपासणी

रंगाला हात घालण्यापूर्वी चाक धुऊन भर उजेडात तपासले पाहिजे. तडा सहसा आऱ्यांच्या मुळाशी, हबच्या जवळ किंवा खड्ड्यात आपटलेल्या रिमच्या कडेला आढळते. केसासारखी बारीक रेघ दिसल्यास ती रंगाची आहे की धातूची, हे ठरवण्यासाठी तेवढा भाग घासून पाहतात. रंग गेल्यावर रेघही गेली तर चिंता नाही. रेघ धातूतही दिसत असेल, तर ते चाक रंगवण्याच्या नव्हे, बदलण्याच्या योग्यतेचे आहे.

रिम वाकली आहे का हे पाहण्यासाठी गाडी मेन स्टँडवर घेऊन रिमच्या अगदी जवळ एक काडी स्थिर धरतात आणि चाक हळू फिरवतात. काडी व रिम यांमधील फट एकसारखी न राहता कमी-जास्त होत असेल, तर रिममध्ये वाक आहे. अशा वाकलेल्या किंवा टिचलेल्या रिममध्ये पुट्टी, म्हणजे रंगाऱ्यांच्या भाषेत लांबी, भरून ती गुळगुळीत करणे हे धोकादायक आहे. लांबी आकार देते, बळ देत नाही. वरून रंग चढला की ही तडा पुढच्या मालकालाच नव्हे, तर नियमित सर्व्हिसिंग करणाऱ्या कारागिरालाही दिसत नाही. जुनी मोटारसायकल विकत घेताना नुकतीच रंगवलेली चाके दिसली तर कौतुकाआधी शंका यावी, ती याच कारणाने.

सफाई व घासकाम

नवा रंग किती टिकेल याचा निकाल बहुतांशी या टप्प्यावर लागतो, आणि याच टप्प्याचा लोकांना सर्वाधिक कंटाळा असतो.

मागच्या चाकावर चेनचे तेल उडून काळा, चिकट थर जमलेला असतो, तर पुढच्या चाकावर ब्रेक पॅडची भुकटी. हे सर्व आधी धुऊन काढायचे आणि मगच घासायचे. क्रम उलटला तर घासकागद तेलाला धातूच्या ओरखड्यांत दाबून बसवतो आणि तेथे रंग कधीच नीट धरत नाही. भांड्याचा साबण, कोमट पाणी व जुना दातांचा ब्रश यांनी बरेच काम भागते. डांबराचे ठिपके रॉकेल लावून काढता येतात, परंतु रॉकेलचा तेलकट अंश राहत असल्याने त्यानंतर साबणाने पुन्हा धुणे अटळ आहे. कॉस्टिक सोडा असलेली नाली साफ करण्याची भुकटी ॲल्युमिनियमला अजिबात लावू नये; ती धातूच खाते आणि त्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू सुटतो. रंग काढण्याची रसायनेही येथे टाळली जातात, कारण टायर जागेवर असल्याने ती रबरावर ओघळतात.

टायरमुळे येणारी आणखी एक अडचण म्हणजे टायर पॉलिश. वॉशिंग सेंटरवर टायर चकचकीत करण्यासाठी लावल्या जाणाऱ्या अनेक द्रावणांत सिलिकोन असते. त्याचा अंश रिमवर आला की ताजा रंग त्या जागेपासून दूर सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. त्यामुळे रंगकामाच्या काही आठवडे आधीपासून टायर पॉलिश बंद ठेवतात आणि टायरची बाजूही साबणाने खरवडून धुतात.

घासण्यासाठी बाजारात पॉलिश पेपर या नावाने मिळणारा, पाण्यात भिजवून वापरण्याचा कागद घेतात. टवक्यांच्या धारदार कडा 240 किंवा 320 क्रमांकाच्या कागदाने उतरत्या केल्या जातात, म्हणजे बोट फिरवल्यास पायरी जाणवू नये. त्यानंतर 400 आणि शेवटी 600 क्रमांकाचा कागद फिरवतात. सर्व जुना रंग काढण्याची गरज नसते. घट्ट बसलेला जुना रंग हे उत्तम अस्तरच असते. त्याची चकाकी मोडली की पुरे. क्रोमच्या रिमवर मात्र मुलामा इतका गुळगुळीत असतो की वरवर घासून दिलेला रंग काही महिन्यांत सालीसारखा निघतो. अशा रिमला रंग न देणेच बरे.

सफाई पुरेशी झाली की नाही हे पाण्याने कळते. चाकावर स्वच्छ पाणी ओतावे; ते अखंड पडद्यासारखे पसरले तर पृष्ठभाग स्वच्छ आहे, थेंब गोळा होऊन तुटले तर तेल शिल्लक आहे. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मग त्या जागेला उघड्या बोटांनी स्पर्श करत नाहीत.

टायर व ब्रेक झाकणे

रिमची कड जेथे टायरच्या रबरात शिरते ती गोल रेघ झाकणे हा या पद्धतीचा गाभा आहे. टेप थेट टायरवर लावली तर ती वळणावर सुरकुतते, आणि त्या सुरकुत्यांतून रंग रबरावर उतरतो. यावर पत्त्यांचा उपाय सोपा व स्वस्त आहे. टायरमधील हवा बरीच कमी करून टायरची बाजू हाताने किंचित आत दाबली की रिम व रबर यांच्यात फट होते. त्या फटीत पत्ते एकावर एक थोडे चढवून गोलाकार खोचत जातात. 17 इंची चाकाच्या एका बाजूस सुमारे 30 पत्ते लागतात. म्हणजे पत्त्यांचा एक कॅट एका बाजूला पुरून उरतो, दोन्ही बाजूंना एकदम पुरत नाही. दाबताना टायरची कड रिमवरून सुटता कामा नये. ट्यूबलेस टायरची कड एकदा सुटली की ती घरच्या हातपंपाने पुन्हा बसवणे फार कठीण जाते. पत्त्यांऐवजी रबराला ग्रीस किंवा व्हॅसलिन चोपडण्याचाही प्रघात आहे, पण तेलकट बोट रिमला लागण्याचा धोका आणि खनिज तेलाचा रबरावर होणारा परिणाम पाहता तो टाळावा.

डिस्क ब्रेकची तबकडी दोन्ही बाजूंनी कागद व टेपने पूर्ण बंद करतात. कॅलिपरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधतात. तबकडीवर रंगाचा धुरळा बसलाच तर तो ब्रेक क्लीनरने पुसून काढता येतो. ब्रेक पॅडने रंग किंवा तेल शोषले असेल, तर मात्र पॅड बदलावे लागतात. तबकडी सोडवून रंग द्यायचा बेत असेल, तर ती हबवर जेथे टेकते त्या सपाट जागेवर रंग चढू देऊ नये. तेथे रंगाचा उंचवटा राहिला तर तबकडी तिरकी बसते आणि ब्रेक दाबताना लिव्हरमध्ये धडधड जाणवते. तिचे बोल्टही उत्पादकाने ठरवलेल्या जोरानेच आवळावे लागतात. घरगुती कामात तबकडी न सोडता झाकणे अधिक सुरक्षित.

भारतात 125 घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या नव्या मोटारसायकलींना एबीएस अनिवार्य झाले आहे. नव्या मॉडेलना एप्रिल 2018 पासून आणि आधीच्या मॉडेलना एप्रिल 2019 पासून. अशा गाड्यांच्या हबजवळ खाचांची कडी आणि चाकाचा वेग मोजणारा सेन्सर असतो; तो भागही झाकावा लागतो. हवा भरण्याचा व्हॉल्व्ह, बेअरिंगचे सील, आसाचे भोक आणि ड्रम ब्रेक असल्यास ड्रमची आतील बाजू यांनाही रंग लागू देत नाहीत. तोलासाठी रिमवर बसवलेली शिशाची किंवा लोखंडाची वजने काढायची नसतात. त्यांच्यावरूनच रंग देतात.

चाक गाडीला ठेवूनच रंगवायचे की उतरवून, हा निर्णय साधनांवर अवलंबून आहे. चाक उतरवून आसाच्या भोकातून काठी घालून टांगले तर सर्व बाजूंना हात पोहोचतो. पुढचे चाक उतरवल्यानंतर ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नये. मध्ये तबकडी नसल्याने कॅलिपरमधील पिस्टन बाहेर सरकतात. मेन स्टँड असलेल्या गाडीचे चाक जागेवरच फिरवत रंगवता येते, मात्र इंजिन, सायलेन्सर व फोर्क चादरीने झाकावे लागतात आणि इंजिन पूर्ण थंड असावे लागते.

रंगाचे थर

जेथे धातू उघडा पडला आहे तेथे प्रथम ॲल्युमिनियमला धरून राहणारे एचिंग प्रायमर लावतात. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा रेड ऑक्साइड लोखंडासाठी आहे; अलॉय चाकावर तो भरवशाचा नाही. त्यानंतर अस्तराचे दोन पातळ हात, रंगाचे तीन-चार हात आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोटचे दोन-तीन हात देतात.

डबा किमान एक-दोन मिनिटे हलवून, 20 ते 25 सेंटिमीटर अंतर ठेवून, हात सतत सरकता ठेवत फवारणी करतात. पहिला हात धुक्यासारखा, खालचा पृष्ठभाग दिसेल इतका विरळ असावा. एकाच फटक्यात झाकण्याच्या मोहात ओघळ येतात आणि ते सर्वांत आधी आऱ्यांच्या आतील कोपऱ्यांत जमतात. म्हणून आऱ्यांच्या बाजू व मागील भाग आधी, आणि दर्शनी भाग शेवटी रंगवतात. दोन हातांमध्ये साधारण 10 ते 15 मिनिटे सोडतात. काही रंगांवर पुढचा हात एका तासाच्या आत किंवा थेट दुसऱ्या दिवशी द्यावा, असे डब्यावर छापलेले असते. ते पाळले नाही तर खालचा अर्धवट वाळलेला थर फुगून सुरकुततो आणि सर्व घासकाम पहिल्यापासून करावे लागते.

हवामान

महाराष्ट्रात या कामाचा योग्य काळ पाऊस ओसरल्यावर, म्हणजे साधारण ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत. दसऱ्याला वाहनांची पूजा होते, त्यामुळे अनेकांचा बेत नेमका त्या सुमारास ठरतो, परंतु पाऊस लांबला असेल तर थांबणे इष्ट. दमट हवेत रंगातील द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि क्लिअर कोट दुधाळ पांढरा पडतो. मे महिन्याच्या दुपारी याच्या उलट घडते. रंगाचे कण चाकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच सुकतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. वारा नसलेली, दव सुकून गेलेली सकाळ सर्वांत चांगली.

आरोग्य व सुरक्षितता

स्प्रे डब्यातील वायू व द्रावक दोन्ही ज्वलनशील असतात. त्यामुळे विडी-सिगारेट, गॅसची शेगडी किंवा पेटता दिवा जवळ असू नये. इमारतीच्या तळघरातील वाहनतळ अशा कामासाठी सर्वस्वी अयोग्य आहे. वाफा तेथे साचून राहतात आणि रंगाचे तुषार शेजाऱ्यांच्या गाड्यांवर बसून निराळेच प्रकरण उभे राहते. कापडी मुखपट्टी किंवा एन-95 मुखपट्टी कण अडवते, द्रावकाची वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मुखवटा लागतो.

हार्डनर मिसळून वापरायचे दोन घटकांचे पॉलियुरेथेन रंग अधिक टणक असतात आणि पेट्रोललाही दाद देत नाहीत. परंतु त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने श्वसनमार्ग कायमचा संवेदनशील होऊन दम्याचा विकार जडू शकतो. असे रंग फवारणाऱ्या कारागिरांना बाहेरून शुद्ध हवा पुरवणारे मुखवटे वापरावे लागतात. घरच्या अंगणात हे रंग न वापरणेच योग्य.

रंगानंतरची काळजी

टेप रंग पूर्ण कडक होण्यापूर्वी, हळूहळू व तिरकी ओढून काढतात. उशीर झाल्यास टेपबरोबर रंगाची कडही उपटते. हाताला अर्ध्या तासात कोरडा वाटणारा रंग प्रत्यक्षात मऊ असतो. गाडी किमान एक दिवस वापरत नाहीत आणि आठवडाभर दाबाच्या पाण्याने धुत नाहीत. रस्त्यावर नेण्यापूर्वी टायरमध्ये उत्पादकाने सांगितलेल्या दाबाइतकी हवा भरणे आवश्यक आहे. सुरुवातीस कमी केलेली हवा विसरून गाडी काढली जाण्याची शक्यता असते. पहिल्या फेरीत, रिकाम्या रस्त्यावर आणि कमी वेगात, दोन्ही ब्रेक अनेकदा दाबून पाहतात.

मर्यादा व पर्याय

घरगुती रंग कारखान्यातील रंगाइतका टिकत नाही. पुढच्या वेळी टायर बदलताना लिव्हरचे चरे पडतातच, शिवाय टायरची कड बसते त्या रेषेवर जुना रंग उघडा दिसतो. म्हणून टायर झिजत आले असतील तर रंगकाम टायर बदलण्याच्या दिवसापर्यंत पुढे ढकलून, टायर उतरलेला असताना करणे अधिक किफायतशीर.

अधिक टिकाऊ पर्याय पावडर कोटिंगचा आहे. त्यात रंगाची भुकटी विद्युतभाराने चाकावर बसवून भट्टीत सुमारे 180 ते 200 अंश सेल्सिअसला वितळवतात. हे तापमान टायर, बेअरिंग व सील यांना सोसत नसल्याने ते सर्व आधी काढावे लागतात. ओतीव ॲल्युमिनियमची ताकद त्याला दिलेल्या उष्णतासंस्कारावर अवलंबून असल्याने भट्टीतील तापमान व वेळ मर्यादेत ठेवणारा कारागीरच निवडावा लागतो. याउलट, तात्पुरती हौस असेल तर वाळल्यावर सालीसारखा सोलून काढता येणारा रबरी लेप मिळतो. तो लावण्यासाठी मूळ रंग घासावा लागत नाही, आणि कंटाळा आला की जुने चाक जसेच्या तसे परत मिळते.